अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर घेण्यापूर्वी

फोंड्याहून न्यू जर्सीला जाताना 750 वॉटचा मिक्सर, 2000 वॉटची इंडक्शन शेगडी आणि इस्त्री बरोबर न्यावी व तिन्हींसाठी तिथे 3000 वॉटचा एकच ट्रान्सफॉर्मर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मिक्सर अवश्य न्यावा. शेगडी आणि इस्त्री घरीच ठेवावी.

आपल्याकडे 230 व्होल्टवर 16 अँपिअरच्या जाड पिनांच्या पॉइंटला गिझरही निमूट चालतो, त्यामुळे वॉटचा हिशेब करण्याची वेळ सहसा येत नाही. तिथला साधा पॉइंट मात्र 120 व्होल्टचा आणि 15 अँपिअरचा, म्हणजे फार तर 1800 वॉटचा असतो, आणि तासन्‌तास चालणारा भार 1440 वॉटच्या आत ठेवावा लागतो. ट्रान्सफॉर्मर दाब (व्होल्ट) वाढवतो, शक्ती (वॉट) नव्हे. आपली शेगडी पूर्ण आचेवर जेमतेम 9 अँपिअर घेत असली, तरी त्यासाठी भिंतीतून 17 अँपिअर ओढले जातील आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज त्यावर आणखी. ट्रान्सफॉर्मरवर 3000 हा आकडा छापलेला असला, तरी त्याने भिंतीतली तार जाड होत नाही. एवढ्याशा जादा भाराने ब्रेकर, म्हणजे भार वाढल्यावर वीज आपोआप तोडणारी खिट्टी, लगेच पडतोच असे नाही, आणि तोवर प्लग तापत राहतो, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

शिवाय ती मर्यादा एका पॉइंटची नसून एका ब्रेकरवरच्या सगळ्या पॉइंटांची मिळून असते. मिक्सर भिंतीतून साधारण 7 अँपिअर घेतो. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह चालू असेल, तर खोबऱ्याचे वाटण अर्धवट राहून स्वयंपाकघरात अंधार होऊ शकतो. पॅनेलमधील ब्रेकरच्या खिट्टीवर 15 की 20 लिहिले आहे, ते आधी पाहावे. स्वयंपाकघरात बहुधा 20 असते.

मोटर सुरू होताना क्षणभर बराच जास्त प्रवाह घेते, म्हणून मिक्सरसाठी 1500 वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तो थेट भिंतीत लावावा आणि काम झाल्यावर काढून ठेवावा, कारण रिकामाही तो गुणगुणत वीज खातो. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला आपल्या 50 ऐवजी तिथल्या 60 हर्ट्झने फरक पडत नाही. वेट ग्राइंडरच्या मोटरचा वेग मात्र हर्ट्झवर ठरतो, म्हणून तो साधारण पाचव्या हिश्शाने जलद फिरेल. चार्जरवर 100–240 छापलेले असेल, तर ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही.

कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या 240 व्होल्टच्या पॉइंटवर शेगडी जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. त्या पॉइंटचा ब्रेकर बहुधा 30 अँपिअरचा असतो आणि आपल्या शेगडीची बारीक वायर जळू लागली, तरी तो पडेलच असे नाही.