एड आला, आली की आलं? : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात 'काउबॉय बीबॉप'वर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यातही एडवर फक्त दोन ओळी, पण आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं त्या दोन ओळींवरच. म्हणून या वेळी सगळा कॉलम एडला देऊन टाकला. ज्यांनी मालिका बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: ही १९९८ची जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिका, दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे, स्टुडिओ सनराइझ, एकूण २६ भाग (तिथे त्यांना 'सेशन' म्हणतात). साल २०७१, माणूस सूर्यमालेत सगळीकडे पांगलाय, आणि बीबॉप नावाच्या एका जुनाट मच्छीमार जहाजावर स्पाइक, जेट आणि फे हे तीन कडके बाउंटी हंटर (बाउंटी म्हणजे इनाम, त्यासाठी गुन्हेगार पकडणारे), एइन नावाचं कुत्रं आणि एड नावाची तेरा वर्षांची हॅकर राहतात. शेवट फुटणार आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी पान उलटा.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात 'एड जहाजावर आला' असं छापलंत. एड मुलगी आहे हो! मालिका बघून लिहिता की न बघता?

बघूनच लिहितो, तरी चुकलं, मान्य. पण माझी बाजू पण ऐकून घ्या. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. 'एड आली' आणि 'एड आला' दोन्हीला तिथे एकच शब्द, त्यामुळे मूळ मालिकेत तुम्हाला पाहिजे तितका वेळ गोंधळात राहता येतं, आपल्याकडे मात्र पहिल्याच क्रियापदाला निकाल लावावा लागतो. त्यात एडची अजून एक गंमत म्हणजे ती स्वतःला 'मी' म्हणतच नाही, कायम 'एड'. जपानीत 'मी'साठी चिक्कार शब्द आहेत, काही पोरांच्या तोंडी शोभणारे, काही पोरींच्या, आणि माणूस कुठला वापरतो त्यावरून त्याचा अंदाज येतो. एडने तो दरवाजाच बंद करून टाकलाय. नाव पुरुषाचं, केस लाल आणि विस्कटलेले, सैल बनियनसारखा टॉप, सायकल शॉर्ट्स, पाय कायम अनवाणी. सगळं मुद्दाम आहे.

आणि खरं सांगू का, मराठीला इथे तिसरी सोय आहे जी इंग्रजी डबवाल्यांकडे नव्हती. 'ते'. आपण लहान पोराला ते लेकरू, ते पोरगं, आणि चिडलो की ते कार्टं म्हणतोच की, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मला विचाराल तर एडला सगळ्यात फिट बसतो तो हाच शब्द. ते कार्टं. पण सगळा कॉलम नपुंसकलिंगात लिहिला तर संपादक मला बदलतील, म्हणून इथून पुढे 'ती'.

प्रश्न : तिचं पूर्ण नाव काय आहे? मित्राशी पैज लागलीये.

एडवर्ड वाँग हाउ पेपेलू तिव्रुस्की चौथी. आता पैजेवरून भांडण होणार असेल तर हेही सांगून ठेवा की हे नाव तिने स्वतःच स्वतःला ठेवलंय, चौथी म्हणजे आधीच्या तीन कुठे आहेत असं विचारायचं नाही. बापाने ठेवलेलं नाव फ्रान्स्वाज. आणि बापाचं नाव अ‍ॅपलडेल्ही सिनिझ हेसाप ल्युत्फेन, ज्यातल्या शेवटच्या दोन शब्दांचा तुर्की भाषेत अर्थ होतो 'बिल द्या प्लीज'. म्हणजे विचित्र नावांचा वारसा घराण्यातच आहे.

प्रश्न : एड एवढी भारी हॅकर आहे म्हणतात पण ती नक्की करते काय? मला तर नुसती लोळताना दिसते.

लोळतेच. पालथी पडून, पाय हवेत, डोळ्यांवर तो मोठा गॉगल, आणि हात कंटाळले की पायाची बोटं कामाला. तिच्या कॉम्प्युटरचं नाव टोमॅटो आहे. पण नवव्या सेशनमध्ये, जिथे ती पहिल्यांदा येते, तिथे काय होतं ते बघा. पृथ्वीवर दक्षिण अमेरिकेत जमिनीवर अचानक प्रचंड मोठी चित्रं उमटायला लागतात, पेरूमधल्या नाझ्का रेषा माहीत असतील तुम्हाला, तशी. कुणीतरी उपग्रह हॅक करून त्याच्या लेझरने जमीन कोरतंय, आणि संशय जातो 'रॅडिकल एडवर्ड' नावाच्या हॅकरवर. या एडवर्डला कुणी पाहिलेलं नाहीये, त्यामुळे अफवाच अफवा, कुणी म्हणतं सात फूट उंच बास्केटबॉल खेळाडू, कुणी म्हणतं परग्रहवासी, जेट बिचारा माहिती काढत गल्लोगल्ली फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी नवीनच वर्णन. आणि निघते कोण, तर हे कार्टं.

आता मला आवडलेला भाग. चित्रं एडने काढलेलीच नसतात. ती काढत असतो तो उपग्रहच, म्हणजे त्याच्यातला कॉम्प्युटर, जो कितीतरी वर्षं वर एकटा फिरतोय आणि खाली पूर्वी दिसायची तशी चित्रं आता दिसत नाहीत म्हणून स्वतःच काढत बसलाय. आणि हे शोधून काढते एड. त्याच्याशी ती गप्पा मारते, त्याला एमपीयू असं नाव देते. बाकीच्यांना तिथे बाउंटी दिसते, तिला खेळायला कुणीतरी मिळालेलं असतं. (बाउंटी अर्थातच मिळत नाही, कारण आरोपी माणूस नाही, मशीन आहे. बीबॉपवाल्यांच्या हाती पैसे लागले असं फार कमी वेळा होतं.)

मदतीच्या बदल्यात एडला जहाजावर यायचं असतं. फे हो म्हणते आणि काम झाल्यावर हे लोक सरळ टांग देऊन निघतात. मग एड काय करते, तर आख्खं बीबॉप रिमोटने ताब्यात घेऊन परत खाली उतरवते. रडारड नाही, धमकी नाही. तुम्ही कबूल केलं होतंत ना, मग या परत.

प्रश्न : हे असं उपग्रह वगैरे हॅक करणं खरंच शक्य आहे का की नुसत्या फेका आहेत?

जहाज रिमोटने उतरवणं वगैरे सोडून द्या, ते गंमत म्हणून बघायचं. पण 'विसरलेला जुना उपग्रह वर अजून जिवंत आहे आणि बाहेरचं कुणीतरी त्याच्याशी बोलतंय' ही आयडिया अजिबात फेक नाही. नासाने १९७८ साली आयसी-३ नावाचं एक यान सोडलं होतं. काम झालं, पुढे संपर्क बंद, आणि त्याच्याशी बोलायला लागणारी जुनी यंत्रणाच नासाने मोडीत काढली. २०१४ मध्ये ते फिरत फिरत पृथ्वीजवळ यायला लागलं तेव्हा बाहेरच्या काही हौशी इंजिनियरांनी लोकांकडून वर्गणी जमवली, जुनी कागदपत्रं शोधली, हार्डवेअरचं काम सॉफ्टवेअरने भागवलं आणि पोर्टो रिकोच्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून त्याला हाक मारली. आणि छत्तीस वर्षांच्या त्या यानाने ओ दिली! पुढे त्याचा मार्ग बदलायचा प्रयत्न मात्र फसला. आणि हो, हे सगळं नासाची रीतसर परवानगी घेऊन केलं होतं, हा फरक एडच्या चाहत्यांनी लक्षात ठेवावा.

बाकी मालिका हॅकिंगचं तांत्रिक काही समजावतच नाही, आणि ते बरंय. हिरवी अक्षरं भराभर पडतायत आणि कुणीतरी 'मी आत शिरलो' म्हणतंय हा प्रकार इथे नाही. एडच्या स्क्रीनवर हसरे चेहरे असतात. 'हॅक'चा मूळ अर्थ बघितलात तर ते जवळचंच आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब चालवणारी पोरं पन्नाससाठच्या दशकात 'हॅक' म्हणायची ते एखादी डोकेबाज करामत केली की, चोरीचा त्यात संबंध नव्हता.

प्रश्न : एवढं कौतुक चाललंय पण मला एड डोक्यात जाते. सारखं गाणं, गोल गोल फिरणं, किंचाळणं. मी एकटाच आहे का?

नाही, आणि मला पण पहिल्यांदा बघताना ती डोक्यात गेली होती. अवली माणूस पाच मिनिटं भारी वाटतो, रोज घरात असला की कळतं. पण दुसऱ्यांदा बघताना माझं लक्ष तिच्याकडे कमी आणि बाकीच्या तिघांकडे जास्त गेलं. तिला कुणी गप्प बस म्हणत नाही. म्हणजे वैतागतात, पण 'हिला नॉर्मल कसं करायचं' हा प्रश्न त्या जहाजावर कुणाला पडलेलाच नाही. इतर मालिकांमध्ये असलं पात्र आलं की शेवटी त्याला काहीतरी दुःख दाखवून, रडवून, शहाणं करून सोडतात. इथे नाही.

चौदावं सेशन परत बघा माझ्यासाठी. त्यात ती चेसमास्टर हेक्स नावाच्या म्हाताऱ्याशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळते. बाकीचे त्याला गुन्हेगार म्हणून शोधतायत, प्रत्यक्षात त्याचं वय झालंय, त्याला बरंच काही आठवत नाही, भंगार सामानाच्या ढिगात राहतो. मोठ्यांचं प्रकरण मिटतं तरी हा डाव संपत नाही, चालूच राहतो. एड तिथे एका जागी बसलीये, चक्क शांत. मला तरी वाटतं तिच्या तोडीचं कुणीतरी समोर आलं की ते सगळं नाचणं कमी होतं. पटलं नाही तर सोडून द्या, डोक्यात जाण्याचा अधिकार सगळ्यांना आहे.

प्रश्न : एड कुणावरून सुचली असेल?

वातानाबेनेच सांगून ठेवलंय: मालिकेची संगीतकार योको कान्नो. वागणं विचित्र पण कामात जीनियस, तसलं. ज्या बाईने हे सगळं जॅझ आणि ब्लूज बांधलं तिच्याच स्वभावावरून पात्र केलं आणि मग त्या पात्राला तिच्याच संगीतावर नाचवलं. जपानी आवाज आओइ तादाचा, इंग्रजी मेलिसा फानचा. दोन्ही ऐकून बघा.

प्रश्न : २०२१च्या खऱ्या माणसांच्या सिरीजमध्ये एड होती का?

शेवटच्या भागाच्या शेवटच्या सीनमध्ये. नोव्हेंबरात आली, डिसेंबरात बंद. तिला काही करायला मिळालंच नाही.

प्रश्न : मराठीत डब केली तर एडला कसं बोलवाल?

लिंग दाखवावं लागणार नाही असं बोलवायचं, बस. 'एडला भूक!', 'एडला माहितीये!', 'एडचं झालं!' बघा, एकदाही आला की आली म्हणावं लागलं नाही. आपल्याकडे तीनचार वर्षांची पोरं असंच बोलतात ना, 'बाळाला पाहिजे', तसं, फक्त तेरा वर्षांच्या तोंडी. आणि यमक जुळवणारा अनुवादक लागेल, सरळ भाषांतर करणारा नको. ते 'काय करत आहेस तू' छापाचं पुस्तकी मराठी तिच्या तोंडी घातलं की खेळ खलास.

प्रश्न : चोविसाव्या सेशनमध्ये ती का गेली? इतकं अचानक का? दोनदा बघितलं तरी राग जात नाही.

बाप भेटला म्हणून. पण बाप पण काय, पोरीला पाळणाघरात ठेवून विसरलेला, सतत उल्का पडून बदलणाऱ्या पृथ्वीचा नकाशा काढत फिरणारा, वर्षांनी पोर भेटली, मिठी मारली, तेवढ्यात लांब नवीन उल्का पडली की हा गाडी काढून गेला पण! आणि एड त्याच्या मागे निघाली. माझा राग आधी बापावर होता. मग लक्षात आलं की हीच जर कधी आई झाली तर ती पण अशीच जाईल, ते दोघं एका मातीचे आहेत.

निरोपाला एक शब्द नाही. बीबॉपच्या डेकवर भलामोठा हसरा चेहरा रंगवून ठेवते, खाली बाय बाय. स्पाइक आणि जेट टेबलाशी बसून उकडलेली अंडी खातात, समोर चार पाच जणांना पुरतील एवढी, एकामागून एक कोंबत सुटतात, एकमेकांकडे बघत नाहीत. फे पण त्याच दिवशी गेलेली असते. कुणी काही बोलत नाही, आणि मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

प्रश्न : आणि एइन? तो का गेला तिच्याबरोबर?

एइन 'डेटा डॉग' आहे, प्रयोगशाळेत तयार केलेला कॉर्गी, जहाजावरचा बहुतेक सगळ्यात हुशार जीव, आणि ते स्पाइक, जेट, फे कुणालाच शेवटपर्यंत कळत नाही. तेविसाव्या सेशनमध्ये त्याच्या डोक्यावर यंत्र चढवून एडने हॅकिंगही करून घेतलंय. तेव्हा तो एडमागे गेला यात मला तरी नवल वाटलं नाही. बघा, 'तो' लिहिलं मी. कुत्रा म्हटलं की तो, कुत्रं म्हटलं की ते, इथेही सोय आहेच. आणि त्या कोरड्या उजाड रस्त्यावर लांब जाताना दिसतात तेव्हा मात्र काही ठरवायची गरजच पडत नाही, मराठीत सरळ म्हणता येतं, ती दोघं गेली.