अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल फॅन्स टीमपेक्षा कॉन्फरन्सबद्दलच जास्त का बोलतात, आणि टीम हरत असताना आशा कशावर धरतात?

मी ओरेगन स्टेटमधून मास्टर्स केलं, आता पोर्टलंडजवळ नोकरी करतो, आणि बीव्हर्सची (आमच्या कॉलेजच्या टीमची) मॅच असेल त्या शनिवारी दुसरं काहीच ठरवत नाही. त्यामुळे आमच्याच टीमचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीन-चार वर्षांत आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेटवाल्यांनी जेवढं भोगलंय तेवढं दुसऱ्या कुणी नसेल.

इथे कॉलेज फुटबॉलच्या (हातात बॉल धरून खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल) वरच्या डिव्हिजनमध्ये १३० च्या वर टीम्स आहेत आणि सगळ्यांची मिळून एक लीग अशी नाहीये. कॉलेजांचे गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. सीझनच्या १२ मॅचपैकी आठ-नऊ आपल्याच गटातल्या टीमशी असतात, टीव्हीचा करार कॉन्फरन्स करते आणि पैसे वाटते, प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या विजेतेपदाच्या मॅचना, जायचा सोपा रस्ताही कॉन्फरन्स जिंकण्यातूनच जातो. म्हणजे कोच किती पगारात टिकेल, चांगली पोरं येतील का, नोव्हेंबरच्या मॅचला काही अर्थ उरेल का, हे सगळं शेवटी तिथेच ठरतं. मग फॅन्स त्याच्यावर बोलणार नाहीत तर काय.

आमची कॉन्फरन्स पॅक-१२. तिची मुळं १९१५ सालची, पोर्टलंडमध्ये चार कॉलेजांनी मिळून जी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली त्यातलं एक आमचं होतं. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा सात अब्ज डॉलर्सच्या वरचा करार केला. आमच्याकडे मात्र नवीन टीव्ही करार होता होईना. जुलै २०२३ ला कोलोराडो गेलं, ४ ऑगस्टला एकाच दिवशी पाच टीम्स गेल्या, त्यात आमच्या कॉलेजच्या गावापासून, कॉर्व्हॅलिसपासून, तासाभराच्या आत असलेलं युजीनचं ओरेगनसुद्धा, आणि १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली पार अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये. उरलो दोघंच, आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. एकत्र कुटुंबातल्या सगळ्या थोरल्यांनी वेगळं व्हावं आणि वाडा धाकट्या दोघांच्या गळ्यात पडावा तसं झालं, आणि वर निर्णय घ्यायचा हक्क मात्र जाणारे सोडत नव्हते. मग दोघं कोर्टात गेले. वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्स नावाच्या छोट्या गावातल्या कोर्टाने नोव्हेंबर २०२३ ला बोर्डाचा ताबा राहिलेल्या दोघांना दिला, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो बदलला नाही. हा निकाल आला त्या दिवशी मला मॅच जिंकल्याहून जास्त आनंद झाला, खरंच.

आणि हे सगळं होत असताना टीम वाईट नव्हती हो, हेच जास्त लागलं. १९७१ ते १९९८, सलग २८ सीझन हरणाऱ्यांत काढलेली टीम आहे ही, जुने फॅन्स ते वर्षानुवर्षं बघत राहिलेले. त्यांच्यासाठी २०२२ काय होतं ते सांगतो. नोव्हेंबरचा शेवट, आमचं रीझर स्टेडियम, समोर ओरेगन. स्टेडियमची पश्चिमेकडची बाजू नवीन बांधायला पाडलेली, तिकडे गॅलरीच नाही, त्यामुळे गर्दी कमी पण जी होती ती सगळी नारंगी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १०-३१ असे मागे, आणि तिथून टीमने पास टाकणं जवळजवळ बंदच करून टाकलं, नुसता बॉल धरून पळायचं, समोरच्यांना माहितीये की हे पळणार आणि तरी थांबवता येत नाहीये, शेवटच्या क्वार्टरमध्ये सलग २१ पॉइंट, ३८-३४. माझ्या शेजारी सत्तरीच्या आसपासचे एक आजोबा होते, ते ओरडत नव्हते, रेडिओचा इअरफोन कानात घट्ट दाबून धरला होता आणि प्रत्येक फर्स्ट डाउनला, म्हणजे टीम दहा यार्ड पुढे गेली की, फक्त माझ्या खांद्यावर थाप मारत होते. पुढे लास वेगास बोलमध्ये (बोल म्हणजे चांगल्या सीझननंतर मिळणारी एक जादा मॅच) फ्लोरिडाला ३०-३ हरवलं, १०-३ सीझन, म्हणजे दहा जिंकल्या, तीन हरल्या.

नंतर काय झालं ते पटकन सांगतो. २०२३ ला नियमित सीझन ८-४, पण ओरेगनशी शेवटची मॅच हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोच जोनाथन स्मिथ मिशिगन स्टेटला गेले. ते आमचेच माजी क्वार्टरबॅक (पास टाकून खेळ चालवणारा खेळाडू), २००० च्या ११-१ टीमचे, नोत्र दामला ४१-९ हरवणारे. मी त्यांना दोष देत नाही, ज्याची कॉन्फरन्सच राहिली नाही त्याने कुणाला थांब म्हणायचं. पाठोपाठ क्वार्टरबॅक गेले, काही महिन्यांत डेमियन मार्टिनेझसारखा बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक मायामीला गेला. २०२४ ला ५-७. २०२५ ला तर सलग सात हरून सुरुवात, मधेच कोच ट्रेंट ब्रे यांना काढलं, शेवट २-१०. दोन वर्षं दोनच टीमची कॉन्फरन्स, ना चॅम्पियनशिप ना काही, नोव्हेंबरमध्ये कशासाठी खेळतोय हे पोरांना सांगायला कोचकडे उत्तर नसणार.

आता आशा. वरच्या डिव्हिजनमध्ये राहायला कॉन्फरन्सला निदान आठ टीम्स लागतात, आणि १ जुलै २०२६ पासून त्या होतायत: आम्ही, वॉशिंग्टन स्टेट, बोईझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सस स्टेट. बास्केटबॉलसाठी गॉन्झागा पण, आणि टीव्हीला सीबीएस, सीडब्ल्यू, यूएसए नेटवर्क. नवीन कोच जामार्कस शेपर्ड अलाबामाहून आणलेत. काही फॅन्स अजून म्हणतात की बिग १२ या मोठ्या कॉन्फरन्सचं बोलावणं येईल त्याची वाट बघू. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांनी २०२३ ला आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांच्या दाराकडे डोळे लावून बसण्यापेक्षा हे आठ जण एकमेकांना धरून राहिले तर पश्चिमेत एक चांगली लीग उभी राहते, आणि माउंटन वेस्ट या पश्चिमेतल्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये नुसतं विलीन न होता नाव टिकवून नवीन टीम्स घेतल्या हा निर्णय बरोबरच होता. प्लेऑफ १२ टीमचं आहे, चार मोठ्या कॉन्फरन्स सोडून बाकीच्यांतल्या सगळ्यात वरच्या रँकच्या चॅम्पियनला त्यात एक जागा राखीव आहे. बोईझी २०२४ ला माउंटन वेस्ट जिंकून तिथे पोचलं होतं, तेव्हा हा रस्ता नुसता कागदावरचा नाहीये.

पण आम्ही लगेच प्लेऑफ मागत नाहीयोत. सहा जिंकल्या की बोल मॅच मिळते, २-१० नंतर मला २०२६ ला तेवढं हवंय. आणि दुसरं म्हणजे एखादा चांगला सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा खेळाडू, पुढच्या वर्षीही आमच्याकडेच राहिला पाहिजे, कारण मोठ्या कॉलेजांचे पैसे आडवे आले की पोरं जातात, ते थांबवणं मॅच जिंकण्यापेक्षा अवघड आहे, पण नोव्हेंबरमध्ये टेबलवर आपलं नाव वर असेल आणि पुढच्या शनिवारी बोईझी कॉर्व्हॅलिसला येणार असेल तर निदान त्याला थांबायला एक कारण तरी देता येईल.