घरी छोटं हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यात रोपं वाढवणं) सुरू करायचं आहे. पंपाशिवाय जमेल का?

जमेल, आणि पहिल्या खेपेला पंप नकोच. लेट्यूस लावा, टोमॅटोचा मोह आवरा.

झाकण असलेला २० लिटरचा पसरट, अपारदर्शक टब घ्या. प्रकाश आत गेला की शेवाळ धरतंच. झाकणाला २० सेंमी अंतरावर ४ भोकं पाडून जाळीच्या कुंड्या बसवा. काढणीपर्यंत एका रोपाला साधारण ४ लिटर पाणी पुरतं. बी ओल्या स्पंजच्या तुकड्यात रुजवा आणि २-३ खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) आली की कुंडीत ठेवा.

खत हायड्रोपोनिक्ससाठीचंच हवं. ए आणि बी असे दोन भाग असतील तर ते एकेक करून पूर्ण पाण्यात विरघळवा. घट्ट द्रावणं थेट एकत्र केलीत तर कॅल्शियमचा साका खाली बसतो आणि रोपाला मिळतच नाही. ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप) १.२ mS/cm च्या आसपास, पीएच (पाण्याची आम्लता) ५.५ ते ६.५ ठेवा. पीएच खत घातल्यानंतरच मोजा.

खरी गोम पाण्याच्या पातळीत आहे. सुरुवातीला कुंडीचा तळ जेमतेम १ सेंमी बुडू द्या. पुढे पातळी उतरते ती उतरू द्या. उघडी पडलेली मुळं हवा घेतात. टब रिकामा दिसतो म्हणून पुन्हा काठोकाठ भरलात तर हीच मुळं गुदमरतात आणि पाण्यात असूनही रोप माना टाकतं. भर घालायचीच तर २-३ सेंमी, जास्त नको.

मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली तर बहुधा पाणी तापतंय. टब सावलीत, पानं उजेडात.