चाळणी चाचणीत मूल अडकलं, म्हणजे शिक्का बसला का?

कोथरूडमधल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकणारा, दुसरीतला मुलगा. शाळेने आईच्या हातात कागद दिला: ‘अध्ययन अक्षमतेची (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना सतत येणाऱ्या अडचणीची) शक्यता, पुढील तपासणी करावी.’ आईचा प्रश्न बहुतेक पालक विचारतात तोच होता: “आता कायमचा शिक्का बसणार का?”

नाही. तो कागद म्हणजे वर्गशिक्षिकेने भरलेली प्रश्नावली, निदान नव्हे. ही चाळणी मुद्दामच बारीक असते. अडचण असलेलं मूल सुटू नये म्हणून अडचण नसलेलीही काही मुलं तीत अडकतात. त्यामुळे एकूण गुणांवर जाऊ नका; कोणकोणत्या विधानांवर खूण आहे ते शाळेकडून मागून घ्या. प्रश्नावली जूनमध्येच भरली असेल, तर फार विसंबू नका. शिक्षिकेने मुलाला किमान काही महिने पाहिलेलं हवं.

या मुलाच्या कागदावर तीन खुणा लागोपाठ होत्या: फळ्यावरून उतरवताना शब्द गळतात, ओळ सुटते, लक्ष नसतं. मराठीच्या वहीत अर्धे अनुस्वार गायब होते. तोच मजकूर पुस्तकातून उतरवायला दिला, तर ‘पतंग’वरचा अनुस्वार जागेवर! नेत्रतज्ज्ञांनी चष्मा दिला. तिन्ही खुणांचं कारण एकच निघालं.

चष्म्याने सगळं मिटलं मात्र नाही. जोडाक्षरापाशी तो अडखळतो, पहिली अक्षरं बघून ‘पाऊल’चं ‘पाऊस’ करतो. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून वाचन दोन्ही भाषांत तपासलं. अडचण फक्त इंग्रजीत असती, तर आधी सराव कमी पडतोय का ते पाहिलं असतं. ती दोन्हींत आहे, म्हणून जास्त काळजीने बघायला हवं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची वाचनातली अडचण तपासणारी ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, हे शाळांनी लक्षात ठेवावं.

श्रवणचाचणी झाली, ती नॉर्मल आली. आता रोज 20 मिनिटं अक्षर आणि आवाजाची जोडणी, जोडाक्षरं फोडून वाचणं. आठवड्यातून एकदा त्याच पातळीचा नवा उतारा एक मिनिट वाचून घ्यायचा. बरोबर शब्द आणि चुका दोन्ही लिहून ठेवायचं. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणं आईने थांबवलंय, ते फार बरं झालं. त्याने मुलं शब्द रेखाटायला शिकतात, वाचायला नाही.

बारा आठवड्यांनी आकडे हलले नाहीत, तर तिसरीत, आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडून पूर्ण मूल्यमापन करून घ्यायचं. दिव्यांग हक्क कायदा 2016 खालचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र त्यानंतरच, आणि तेही पालकांनी अर्ज केला तरच.