कॅनडाला निघण्याआधी दुर्बिणीची तपासणी

सप्रेम नमस्कार.

आपण देवगडहून विचारले आहे की, सहा वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रेडिएशन झालेले असताना आणि गेल्या महिन्यात दोनदा लघवीतून रक्त गेलेले असताना, गणपती आटोपल्यावर सुपर व्हिसावर (मुलांकडे दीर्घकाळ राहण्यासाठी आई-वडिलांना मिळणारा कॅनडाचा व्हिसा) मुलाकडे टोरांटोला यावे का, आणि तपासणी इथे आल्यावर करावी का. मी मूळचा वेंगुर्ल्याचा. हाच आजार घेऊन इथे आलो, म्हणून स्पष्ट लिहितो: मूत्राशयात दुर्बीण घालून करायची तपासणी (सिस्टोस्कोपी) झाल्याशिवाय तिकीट काढू नका.

तिकडे माझे रक्त रेडिएशनमुळेच जाते असे एका डॉक्टरांनी गृहीत धरले आणि चार महिने नुसत्या गोळ्यांत गेले. रेडिएशनने मूत्राशयाचे अस्तर नाजूक होऊन कित्येक वर्षांनीही रक्त येऊ शकते, हे खरे. पण त्याच किरणांमुळे पुढे मूत्राशयात गाठ होण्याचा धोकाही थोडा वाढतो, आणि दुखत नाही म्हणून गाठ नाही असे मुळीच नसते. सोनोग्राफीतून लहान गाठ निसटू शकते, तर किरणांनी बदललेल्या पेशी लघवीच्या तपासणीत कर्करोगासारख्या भासू शकतात. म्हणून आत दुर्बीण घालून पाहणे टळत नाही. गाठ दिसली तर ती मूत्रमार्गातूनच खरवडून काढतात. त्या तुकड्यात स्नायूचा थर आला आहे का, हे अहवालात आवर्जून पाहा. तो आलाच नसेल तर गाठ किती खोल गेली, हे खात्रीने सांगता येत नाही.

वरवरच्या पण जोखमीच्या गाठीसाठी बीसीजी हे औषध आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा मूत्राशयात सोडतात. पुढेही ठरावीक काळाने डोस आणि दर तीन महिन्यांनी दुर्बीण असते, आणि हा क्रम प्रवासापायी तुटता कामा नये. गाठ स्नायूत शिरली असेल, तर मूत्राशय राखून किरणोपचार करण्याचा मार्ग आपल्याला बहुधा बंद असतो, कारण त्याच जागी पुन्हा पूर्ण मात्रा देता येत नाही. मग मूत्राशय काढावे लागते, आणि किरण लागलेल्या जागी ती शस्त्रक्रिया अवघड होते, जखमही उशिरा भरते.

सुपर व्हिसासाठी निदान एक वर्षाचा, किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. मात्र आधीपासून चालू असलेल्या आणि कारण न कळलेल्या रक्तस्रावाचा खर्च विमा कंपन्या सहसा नाकारतात, आणि इथल्या ओंटारियो प्रांताची सरकारी आरोग्य योजना पाहुण्यांना लागू नाही. चतुर्थीपर्यंत वेळ आहे, तेव्हा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवून या. रेडिएशन किती ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), किती वेळा आणि कोणत्या भागावर दिले, याची लेखी नोंदही मागून घ्या. माझ्याकडे ती नव्हती, आणि ती तिकडून येईपर्यंत इथल्या सर्जनना दोन आठवडे थांबावे लागले.