बेसिन बदलावे, पण त्यासाठी ठेव मोडावी का?

आपल्या प्रश्नाचा गाभा असा आहे: बाथरूममधल्या बेसिनखालच्या कपाटाचे प्लायवुड तळाशी फुगले आहे, ते काढून पेडेस्टल (खांबावर टेकलेले) बेसिन बसवावे आणि सगळे पाइप भिंतीत घ्यावेत असे आपल्या मनात आहे, आणि त्यासाठी सात महिन्यांनी पूर्ण होणारी मुदत ठेव आजच मोडावी का, असे आपण विचारता. ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेसिन मात्र तिला हात न लावताही बदलता येईल असे वाटते, कारण आपण ज्याला एक खर्च समजत आहात ते खरे तर दोन वेगळे खर्च आहेत.

बेसिन आणि त्याखालचा खांब ही सरळ खरेदी आहे व तिचा आकडा दुकानातच कळतो. पाइप भिंतीत घेणे हे बांधकाम आहे आणि त्याचा खरा आकडा भिंत उघडल्यावरच समजतो: टाइल्स फोडायच्या, खाच पाडून पाइप बसवायचे, बंद करण्यापूर्वी दाब देऊन गळती तपासायची, मग प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि पुन्हा टाइल्स. जुन्या टाइल्सच्या छटेचा माल मिळाला नाही, आणि तो बहुधा मिळत नाही, तर दोन टाइल्सचे काम पूर्ण भिंतीवर जाते. शिवाय ट्रॅप (बेसिनखालचा पाणी अडवून ठेवणारा वाकडा भाग) आणि अँगल कॉक (बेसिनचे पाणी बंद करणारे भिंतीवरचे छोटे नळ) साफसफाई व दुरुस्तीसाठी हाताशीच ठेवावे लागतात, त्यामुळे एवढे करूनही ‘सगळे’ काही भिंतीत जात नाही.

गंमत अशी की पाइप झाकण्याचे बरेचसे काम खांब स्वतःच करतो. कपाटाच्या आड पाइप कुठूनही आलेले चालतात, खांबामागे मात्र ते मध्यावरच हवेत. म्हणून बेसिन मागवण्यापूर्वी जमिनीपासून वेस्ट पाइपच्या तोंडाची उंची आणि दोन अँगल कॉकमधले अंतर मोजावे व ते खांबाच्या आतल्या पोकळीशी ताडून पाहावे. मापे जुळली तर भिंतीला हातही लावावा लागणार नाही. अंदाजपत्रकात तीन गोष्टी हमखास सुटतात: कपाटाखाली फरशी नसणे, बेसिनचे बोल्ट पेलण्याइतकी भिंत मजबूत नसणे, आणि कपाटातले सामान ठेवण्यासाठी घ्यावे लागणारे नवे कपाट. ही तिसरी बाब लोक पुढच्या महिन्याच्या खर्चात ढकलतात आणि काम स्वस्तात झाले असे मानतात.

त्याहीआधी प्लायवुड का फुगले ते पाहावे. ट्रॅपखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून बेसिन काठोकाठ भरावे आणि पाणी एकदम सोडावे. कागदावरचा ओला ठिपका कोणता सांधा गळतो ते दाखवतो. सांधाच गळत असेल तर दुरुस्ती किरकोळ आहे. कागद कोरडा राहूनही मागची भिंत दमट लागत असेल, तर गळती भिंतीतल्या पाइपची असण्याचा संभव आहे; ते काम टाळता येणार नाही आणि त्यासाठी आपत्कालीन निधी वापरण्यास माझी हरकत नाही. केवळ देखणेपणासाठी मात्र त्या निधीतून किंवा कार्डाच्या हप्त्यांवर खर्च करू नये.

ठेव मुदतीआधी मोडली की सामान्यतः ठरलेल्यापेक्षा कमी दराने व्याज मिळते आणि वर दंडही कापला जाऊ शकतो. हा तोटा बेसिनच्या किमतीत मिळवून पाहा. घर विकताना पैसे वसूल होतील, हा हिशेब मी धरलेला नाही आणि आपणही धरू नये.

प्लंबरकडून बेसिन बसवण्याचा आणि भिंतीच्या कामाचा दर वेगवेगळा लिहून घ्यावा. पहिला खर्च तीन-चार महिन्यांच्या बचतीतून भागवावा. दुसरा ठेव पूर्ण होईपर्यंत थांबू शकतो, आणि तेव्हाही टाइल्स बदलायच्याच असतील तरच करावा. तो केलाच, तर भिंत बंद होण्यापूर्वी पाइपांवर मोजमापाची टेप धरून फोटो काढून ठेवावा. पुढे कधी तिथे ड्रिल मारायची वेळ आली तर तो उपयोगी पडेल.