वय २४, घराबाहेर पडत नाही, ओळखी उरल्या नाहीत. आधी आत्मविश्वास वाढवू की आधी काम शोधू?

आधी काम. आत्मविश्वास वाढवायचे व्हिडिओ बघत घरात बसलेली पोरं मी ढीगभर पाहिली आहेत.

तुम्ही लिहिलंय की बी.ए. झाल्यापासून घरीच आहात, मित्र पुण्याला गेले, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते आणि रिचार्जलासुद्धा वडिलांकडे हात पसरावा लागतो. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. एमपीएससी सोडून सदाशिव पेठेतून बार्शीला परत आलो तेव्हा माझंही असंच चाललं होतं. गल्लीत कुणीतरी "काय, निकाल कधी?" विचारणार म्हणून दिवसाउजेडी बाहेर पडायचोच नाही.

मग एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला लागलो. वशिला नव्हता. शेठना हिशेब येणारा पोरगा हवा होता, एवढंच. सकाळी प्लंबर यायचा आणि एका दमात सांगायचा, "पाऊणचे चार एल्बो, दोन टी, एक युनियन, टेफ्लॉन टाक, सोल्युशन छोटं." पहिले काही दिवस माझ्या डोक्यावरून जायचं. पण मुखदुर्बळ माणसाला काउंटरसारखी जागा नाही. बोलणं तुम्हाला काढावंच लागत नाही, गिऱ्हाईक विषय घेऊनच येतं. आपण फक्त विचारायचं, "गरम पाण्याची लाइन आहे का? मग सीपीव्हीसी न्या." पुढचं तोच बोलतो, घरमालक किती चिकट आहे इथपर्यंत. पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्री आणि दोरीला गर्दी असते, तेव्हा तर घाबरायला सवड नसते. फूटपट्टीने दोरी मोजता मोजता चार जणांशी बोलून झालेलं असतं. दिवाळीपर्यंत निम्मे मिस्त्री मला नावाने हाक मारत होते. लोकांशी कसं बोलावं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या थोरल्या बंधूंना मात्र हे सोसलं नाही. "पदवी घेऊन खिळे जोखतोस?" हे एकदा नव्हे, रोज रात्री जेवताना. एका लग्नात पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हा अजून अभ्यास करतोय." मी दुपारपर्यंत दुकानात बाइंडिंग तार तोलून तिथं गेलो होतो, हाताला गंजाचा वास होता. दादांचं आजही म्हणणं आहे की दुकानात गेलो नसतो तर क्लास टू झालो असतो. अहो दादा, जागा किती, फॉर्म भरणारे किती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्हाला भाऊ घरात लपवलेला चालत होता, काउंटरवर दिसलेला नाही. आता मी त्याच लाइनमध्ये करमाळा, परांडा, भूमच्या दुकानदारांना माल विकत फिरतो, स्वतःचं खोलीभाडं स्वतः भरतो. क्लास टू नाही. नसू दे.

म्हणून तुम्हाला सांगतो, 'चांगली मिळेपर्यंत घरी बस' म्हणणारा माणूस कितीही मायेचा असो, त्याचं ऐकू नका. पहिल्या पगारातून थोडे का होईना, घरी द्या. देणाऱ्याला घरात बोलता येतं. खातं एकट्याच्या नावावर काढा, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवा.

दुकान नकोच असेल तर ॲप्रेंटिसशिप बघा, १९६१ च्या कायद्याखाली पदवीधरांनाही घेतात आणि विद्यावेतन मिळतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले होते. ते प्रशिक्षण आहे, पुढे कायम करतील या भरवशावर राहू नका. नोकरी लावतो म्हणून कुणी आधी डिपॉझिट मागितलं तर उठून या. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायची नाही.

एक राहिलं. छोट्या दुकानात पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) काही नसतं, सुट्टी शेठच्या मर्जीवर, आणि दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात. जन्मभर तिथं राहा असं मी म्हणत नाही. पुढे वीसेक माणसांच्या जागी गेलात की पीएफ लागतो. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. आणि तुमची भीती नुसत्या बुजरेपणाच्या पलीकडची असेल, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. ती लाज धरायची गोष्ट नाही.

कामाचं विचारायला दुपारी तीनच्या सुमारास जा. सकाळी मिस्त्री माल उचलायला आलेले असतात, शेठ मान वर करून बघणारसुद्धा नाही. आणि वडिलांना बरोबर नेऊ नका.